खाडीकाठचे ताजिक

गोव्याचा कदंब राजा पहिला जयकेशी याच्या काळातला, इ. स. १०५३ चा एक ताम्रपट आहे. त्यात ‘मिजिगिती’ असा एक शब्द येतो. ताम्रपटाची भाषा संस्कृत, रचना करणारा पंडित, आणि हा शब्द मात्र कुठल्याही संस्कृत कोशात सापडणारा नाही. जरा मोठ्याने उच्चारून पाहिला की तो आपोआप उलगडतो. मिजिगिती म्हणजे मसजिद. अरबस्तानातून निघालेला शब्द खलाशांच्या, हमालांच्या, जकात घेणाऱ्या कारकुनांच्या तोंडातून फिरत फिरत पंडिताच्या कानावर आला आणि त्याने तो जसा ऐकला तसा तांब्यावर चढवला. पुढे दोनशे वर्षांनी, १२६४ मध्ये, सौराष्ट्रात वेरावळच्या शिलालेखात हाच शब्द असाच लिहिलेला आढळतो. म्हणजे ही एका पंडिताची लहर नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांनी मसजिदीला दिलेले ते आपले घरगुती नाव होते.

कदंबांच्या लेखांमधून या मिजिगितीची हकिकतही कळते. गुहल्लदेव नावाचा कदंब राजा समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला होता. वाटेत गलबताची डोलकाठी मोडली. त्या अडचणीत एक श्रीमंत मुसलमान व्यापारी त्याच्या मदतीला आला. त्याचा वंश लेखात ‘ताजिक’ असा सांगितला आहे आणि नाव ‘मदुमद’, म्हणजे महंमद. राजाने उपकार लक्षात ठेवले. पुढे त्याच घराण्यातला सदन किंवा छद्दम असे ज्याचे नाव वाचले जाते तो पुरुष जयकेशीच्या दरबारात मोठ्या अधिकारपदावर चढला. त्याने राजधानी गोपकपट्टणात मिजिगिती बांधली आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर बसवून मिळाला. सोमनाथाला निघालेल्या राजाची डोलकाठी मोडते आणि त्यातून गोव्यात मसजीद उभी राहते. कादंबरीत कुणी लिहिले तर आपण म्हणू, फार जमवून आणले आहे.

आता प्रश्न असा की ही मिजिगिती आहे कुठे? ती जागेवर दाखवता येत नाही. गोपकपट्टण म्हणजे आजचे जुवारीच्या काठचे गोवा वेल्हा आणि आगशीचा परिसर. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तिथे नदीच्या काठाने किलोमीटरभर गेलेली जांभ्या दगडाची जुनी भिंत मिळाली. बंदराचा धक्का असावा असा तो भरभक्कम बांध आहे. भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो आणि ओहोटीला चिखलातून वर डोकावतो. त्या धक्क्याला लागलेल्या गलबतांनी दिलेल्या करावर मिजिगितीचा दिवा जळत होता. करांची नोंद तांब्यावर राहिली, धक्का चिखलात राहिला, दिवा जिथे होता ती जागा गेली.

मी इतिहासकार नाही. बी. ए. पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. माझा धंदा शब्दांचा, आणि या विषयाकडे मी आलो तो शब्दांच्याच वाटेने. आपण ‘बंदर’ म्हणतो, तो शब्द फारसी. होडीचे ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’पासून आलेले. कोळीवाड्यातला ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे जहाजाचा मालक. ‘मोसम’ अरबी, इंग्रजांचा ‘मान्सून’सुद्धा त्याच घरचा. पंचांग पाहणाऱ्यांना ‘ताजिक’ हा शब्द वेगळ्याच कारणाने ठाऊक असतो. वर्षफळ काढण्याच्या पद्धतीला ताजिक म्हणतात, कारण ती विद्या अरब-इराणी लोकांकडून आली. ताजिक हा इराणी भाषांतला अरबांसाठीचा शब्द. आपल्या किनाऱ्यावर तो समुद्रापलीकडून आलेल्या मुसलमानाला सरसकट लावला गेला, मग तो बसऱ्याचा असो की शिराजचा.

या ताजिकांचा सर्वांत ठसठशीत माणूस मात्र गोव्याला नाही, उत्तर कोकणात भेटतो. डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी गेल्या शतकाच्या मध्यावर जमिनीतून काही ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. राज्य राष्ट्रकूटांचे, गादीवर तिसरा इंद्र. ‘संयान’ मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाणचा अधिकारी कोण? तर मधुमती नावाचा ताजिक, सुगतिप या दुसऱ्या नावाने ओळखला जाणारा, साहियारहाराचा मुलगा. मधुमती म्हणजे महंमद आणि साहियारहार म्हणजे शहरियार हे ओळखायला कोश नको. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला हे मंडल दिले होते.

या मधुमतीने काय केले ते लेखात तपशिलाने आहे. आसपासच्या बंदरांवरच्या नायकांना त्याने जिंकले आणि तिथे आपली माणसे बसवली. दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट तरी सुरू केली. संजाणला अन्नछत्र घातले आणि तिथे भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. आणि मुख्य म्हणजे, एका ब्राह्मणाने देवीची मठिका उभारली होती तिला जमीन देण्यास त्याने मान्यता दिली. ताम्रपट त्या दानाचाच आहे. शहरियारच्या मुलाची स्तुती संस्कृत श्लोकांत करणारा आणि देवीच्या नैवेद्याची तरतूद लिहून ठेवणारा हा दस्तऐवज माझ्या मते महाराष्ट्राच्या शाळेत प्रत्येक मुलाने एकदा तरी पाहावा असा आहे.

थोडे सावधही असावे लागते. या मधुमतीला आज सर्वधर्मसमभावाच्या व्यासपीठावर उभे करून त्याच्या गळ्यात हार घालायचा मोह होतो. तो संत नव्हता. बंदरांचे नायक त्याने प्रवचन देऊन जिंकले नसणार. राष्ट्रकूटांना अरबी घोडे आणि जकात हवी होती, समुद्रावरच्या लोकांशी ज्याचे बोलणे-चालणे आहे असा अधिकारी हवा होता, आणि मधुमतीला इथे नांदायचे होते. इथे नांदायचे तर इथल्या देवीचा मान राखावा लागतो, नदी उतरणाऱ्याला होडी आणि भुकेल्याला भात द्यावा लागतो, हे त्याला कळले होते. मला तेवढे पुरते. हिशेबातून निघालेला शेजारधर्म शतकानुशतके टिकतो, भाषणातला टिकत नाही.

याच सुमारास, हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या आगेमागे, बगदादचा मसूदी हा प्रवासी-इतिहासकार चौलला आला होता. या चौलची नावे तरी किती! कान्हेरीच्या लेण्यांत ते चेमुल आहे, ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये सेमिल्ला, अरबांकडे सैमूर. मसूदी लिहितो की सैमूरला त्या वेळी सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे. राजा ‘जंज’ होता, म्हणजे आपला शिलाहार झंझ. मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला ‘हुनरमान’ म्हणत, आणि मसूदी आला तेव्हा त्या पदावर अबू सईद मारूफ बिन झकरिया होता. आणखी एक शब्द मसूदी टिपून ठेवतो. या दहा हजारांत जे ‘बयासिरा’ होते ते कोण, हे तो समजावून सांगतो: हिंदच्या भूमीवर जन्मलेले मुसलमान.

म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी चौलच्या बाजारात इथे जन्मलेल्या मुसलमानांसाठी वेगळा शब्द होता. मला आजवर अनेक सभांच्या शेवटी, चहाच्या कपाबरोबर, एक प्रेमळ प्रश्न विचारला गेला आहे: “तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. मी हसतो आणि आजीचे नाव सांगतो. चौलच्या त्या बयासिरांचे नाव सांगण्याइतका वेळ अशा वेळी नसतो.

तर असे हे कागद, म्हणजे तांबे आणि प्रवासवर्णने. पण नुसत्या लेखांवर इतिहास उभा राहत नाही. ताम्रपट राजाची आणि दात्याची बाजू सांगतो. हे लोक काय खात होते, कुठल्या भांड्यांत, घरे विटांची की कुडाची, बायका कुठल्या, मेल्यावर कुठे पुरत, हे मातीला विचारावे लागते. आणि ही माती नेमकी खाडीच्या काठावर आहे. बंदर डोंगरावर कोण बांधील? गलबत लागेल तिथे गोदाम, गोदामाजवळ सराफ, सराफाजवळ विहीर आणि प्रार्थनेची जागा, अशी ती गावे वसली. आज पाणी चढते आहे तेव्हा त्याची पहिली धडक याच वस्त्यांच्या अवशेषांना बसते.

संजाणचेच उदाहरण घेऊ. १९६० पर्यंत उंबरगाव तालुक्याबरोबर हे गाव ठाणे जिल्ह्यात होते, आता ते गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे. पारशी समाज आपल्या हिंदुस्थानातल्या वास्तव्याची सुरुवात इथून मोजतो आणि त्याची आठवण म्हणून १९२० मध्ये उभा केलेला स्तंभ तिथे आहे. ‘किस्सा-ए-संजाण’ हे त्यांचे फारसी काव्य १५९९ च्या सुमाराचे, म्हणजे घडलेल्या गोष्टींनंतर कित्येक शतकांनी रचलेले. त्यामुळे त्यातले किती खरे हा वाद जुना होता. २००२ ते २००४ अशा तीन हंगामांत तिथे उत्खनन झाले. वर्ल्ड झरथुष्टी कल्चरल फाउंडेशनने पुढाकार घेतला, आणि त्या कामातल्या रुखसाना नानजी आणि कुरुष दलाल या संशोधकांनी पुढे त्यावर बरेच लिहिले. वारोळी नदीच्या खाडीकाठाने पसरलेल्या या जुन्या वस्तीत साधारण आठव्या ते तेराव्या शतकापर्यंतचे थर मिळाले. भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी मिळाल्या, काच मिळाली, मणी मिळाले, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले, आणि एक जुना दखमाही मिळाला.

यातल्या दोन प्रकारच्या खापरांविषयी मुद्दाम सांगतो. पहिले खापर निळ्या-हिरव्या झिलईचे. अंग पिवळट, जाडसर आणि ठिसूळ; वर फिरोजा खड्यासारखी काचेची झिलई. ही भांडी दक्षिण इराकमध्ये, बसऱ्याच्या बाजूला बनत आणि मालाने भरून इकडे येत. दुसऱ्या खापराला रंगरूप काही नाही. पण आतल्या बाजूला काळा लेप असतो. तो डांबराचा. उंच, निमुळत्या बुडाचे रांजण. आतला द्रव पाझरू नये म्हणून डांबर फासलेले. इराणी आखातात डांबर जमिनीतूनच पाझरते, त्यामुळे ते स्वस्त. गंमत अशी की भारतात सापडलेले असले कितीतरी तुकडे पूर्वी रोमन मद्यकुंभांचे म्हणून नोंदले गेले होते. रॉबर्टा टॉम्बर या विदुषीने ते पुन्हा तपासले तेव्हा त्यांतले बरेचसे मेसोपोटेमियाचे निघाले. रोमचे नाव आले की आपल्याला मान ताठ झाल्यासारखे वाटते. बसऱ्याचे नाव आले की तसे होत नाही, हा आपला स्वभाव. काळा लेप मात्र बसऱ्याच्याच बाजूने साक्ष देतो.

संजाणला मिळालेल्या हाडांची साक्ष तर त्याहून मोलाची. २०१७ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञ होते. आजच्या पारशांचे आणि संजाणच्या उत्खननातल्या प्राचीन अस्थींचे आनुवंशिक नमुने त्यांनी तपासले. आजचे पारशी आपल्या शेजाऱ्यांपेक्षा इराणी लोकांना जवळचे आहेत आणि इथल्या लोकांशी त्यांचा संकर सुमारे बाराशे वर्षांपूर्वी झाला, हे निघाले. म्हणजे किस्सा अगदीच बनावट नव्हता. त्याबरोबर आणखी एक गोष्ट निघाली. संजाणच्या त्या जुन्या अस्थींमध्ये आईकडून येणाऱ्या वंशरेषांपैकी ४८ टक्के दक्षिण आशियातल्या होत्या. अस्थी निम्म्या इराणच्या लेकींच्या वंशातल्या, तर निम्म्या इथल्या लेकींच्या. किस्स्यात या बायका नाहीत. त्यांचे नाव कुठल्या ताम्रपटात नाही. त्यांच्याविषयी काही कळले ते काठावरच्या मातीतून मिळालेल्या मूठभर हाडांमुळे. ती हाडे आधी खाडीत गेली असती तर या बायका कायमच्या गेल्या असत्या.

चिंचणीच्याच शके ९५६ च्या, म्हणजे इ. स. १०३४ च्या दुसऱ्या ताम्रपटात संजाणच्या प्रतिष्ठित मंडळींत अल्लिय, महर आणि मधुमत अशी नावे येतात आणि ‘हंयमन’ असाही शब्द येतो. हंयमन म्हणजे अंजुमन. ती पारशांची की मुसलमानांची, यावर विद्वानांचे एकमत नाही. कदाचित त्या वेळच्या संजाणकरांनाही हा फरक आपल्याइतका महत्त्वाचा वाटत नसेल. दर्यापारचे लोक, एवढे पुरे असेल. पुढे किस्स्यातच सुलतानाची फौज येते आणि पारशी इथल्या हिंदू राजाच्या बाजूने तिच्याशी लढतात. म्हणजे एकाच संजाणात मुसलमान आधी अन्नछत्र घालणारा शेजारी आहे आणि नंतर चालून आलेला शत्रू आहे. दोन्ही खरे. यातले आपल्याला हवे ते एकच उचलले की त्याचे राजकारण होते.

आता पाण्याकडे वळतो. मुंबईत अपोलो बंदराजवळ भरती-ओहोटी मोजण्याची नोंद १८७८ पासून आहे. जगातल्या जुन्या नोंदींपैकी ती एक. अशा नोंदींवरून आणि पुढे उपग्रहांवरून जे हिशेब झाले ते असे: १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये काढलेल्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागरात १८७४ ते २००४ या काळात वाढीचा वेग वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर होता; १९९३ ते २०१७ या काळात तो ३.३ मिलिमीटर झाला. २० सेंटिमीटर म्हणजे साधारण एक वीत. एका विताने काय होते, असे कुणी म्हणेल. पण उतरत्या सपाट किनाऱ्यावर उभी एक वीत म्हणजे आडवी कितीतरी पावले. आणि खाडीच्या मातीच्या काठाला पाणी किती उंच चढले यापेक्षा ते कुठे घासते याचे महत्त्व अधिक. आजवर उधाणाची भरती काठाच्या पायथ्याशी थांबत असेल, ती आता काठाच्या पोटात शिरते. पोट पोखरले की वरची माती आपल्याच भाराने ढासळते. त्या मातीत कड्यांची विहीर असली तर तीही खाली येते, आणि पुढच्या ओहोटीत तिच्या कडा समुद्राकडे निघतात. शिवाय खारे पाणी विटांत, जांभ्यात, चुन्यात शिरून वाळते, मिठाचे स्फटिक आतून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. हे काम रोज दोनदा, बिनबोभाट चालते.

सगळे पाप समुद्राच्या माथी मारण्यात अर्थ नाही. नद्यांवर धरणे झाली, गाळ खाली यायचा कमी झाला. खाड्यांतून यंत्रे लावून रेती उपसली गेली. काठ धरून ठेवणारी तिवरे तोडली. एका गावाने दगडी बांध घातला की लाटा शेजारच्या गावाकडे वळतात, हे सातपाटीपासून देवबागपर्यंत कुठल्याही कोळ्याला विचारा. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून काढलेला निष्कर्ष असा की देशाच्या मुख्य भूमीवरच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश झिजतो आहे. त्यात चक्रीवादळे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. चौलची जुनी वस्ती याच वाड्यांखाली आहे. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी तिथे खोदकाम करून सातवाहनकाळापर्यंतचे थर दाखवून दिले, पण उभ्या वाडीत पुरातत्त्वाला किती हात घालता येणार?

समुद्र नेहमी पुढेच येतो असेही नाही. सोपारा पाहा. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये बुरूड राजाच्या कोटातला स्तूप खणला आणि आतून बुद्धमूर्ती, सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णीचे नाणे काढले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा. अशोकाच्या आज्ञा कोरून ठेवाव्यात इतके मोठे हे बंदर खाडी गाळाने भरत गेल्याने मेले. समुद्र तिथून निघून गेला. उरलेल्या जागेवर आता इमारती आहेत, आणि त्यांना भरती-ओहोटी लागत नाही.

आणि एका घासात गाव गिळण्याचीही समुद्राला सवय आहे. केळशीला खाडीच्या तोंडाशी वाळूची प्रचंड टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचे थर वाचले. आत खापरे, माणसांच्या वस्तीच्या खुणा आणि बहमनी काळातली नाणी निघाली. ही वाळू त्सुनामीने आणून टाकली असे त्यांनी मांडले, आणि नंतरच्या भूशास्त्रज्ञांनीही १५२४ या वर्षाकडे बोट दाखवले. त्या वर्षी वास्को द गामाचा तांडा आपल्या किनाऱ्याजवळ असताना समुद्र उसळल्याची नोंद पोर्तुगीजांनी केली आहे. टेकडीपासून जवळच याकूतबाबांचा दर्गा आहे. शिवछत्रपतींनी ज्यांचा मान राखला ते हे बाबा. ती लाट त्यांच्या जन्माआधीची. पण वाळूखाली झाकल्या गेलेल्या वस्तीत कोण राहत होते, हे अजून पूर्ण वाचून झालेले नाही.

कायदा काय म्हणतो? १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकांना कवच आहे, २०१० च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवती शंभर मीटरची बांधकामबंदी आली. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेतही पुरातत्त्वीय जागा संवेदनशील धरल्या आहेत. पण कवच घोषित जागेला मिळते. दरवाजा, बुरूज, कळस असले की माणसे घोषणा करतात. खाडीच्या काठात दिसणाऱ्या चार हात काळ्या थराला स्मारक कोण म्हणणार? मधुमतीच्या अन्नछत्राची चूल सापडली तर ती अशाच काळ्या थरात सापडेल.

स्कॉटलंडमध्ये ही अडचण त्यांनी वेगळ्या रीतीने हाताळली. तिथला किनारा वादळांनी सतत कापला जातो आणि सगळीकडे उत्खनन करायला पैसा त्यांच्याकडेही नाही. म्हणून सेंट अँड्र्यूज विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ‘स्केप’ या न्यासाने किनाऱ्यावर राहणाऱ्या साध्या लोकांनाच नोंदी घ्यायला शिकवले. मासेमार, शिक्षक, कुत्रे फिरवायला निघणारे पेन्शनर आपापल्या किनाऱ्यावर वादळानंतर काय उघडे पडले ते टिपतात. इंग्लंडमध्ये २०१५ पासून ‘सिटिझन’ नावाने असेच काम झाले. भिंत वाचवणे दर वेळी जमत नाही. पण ती कुठे होती, किती लांब होती, तिच्यात काय होते हे लिहून ठेवता येते.

आपल्याकडे झाईपासून तेरेखोलपर्यंत कोळीवाडे आहेत, प्रत्येक खाडीवर शाळा आहे आणि आता बहुतेकांच्या खिशात फोटो काढणारा फोन आहे. तेव्हा एवढे सांगतो. उधाणाच्या भरतीनंतर, विशेषतः आषाढ-श्रावणातल्या अमावास्या-पौर्णिमेनंतर, ओहोटीच्या वेळी खाडीचा काठ पाहत चला. निळ्या-हिरव्या झिलईचे खापर दिसले, आतून काळा लेप असलेला रांजणाचा तुकडा दिसला, मातीची गोल कडी काठातून डोकावताना दिसली, तर उपसू नका, घरी नेऊ नका. तुकड्यापेक्षा तो कुठल्या थरात आहे हे महत्त्वाचे असते. शेजारी एखादे नाणे किंवा काडेपेटी ठेवून फोटो घ्या, म्हणजे मोजमाप कळते. मागचा काठ आणि एखादे झाड किंवा धक्का चित्रात येऊ द्या. गावाचे नाव, तारीख, भरतीची वेळ लिहा आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या रत्नागिरी कार्यालयाकडे किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे पाठवा. मग पंधरा दिवसांनी, पुढच्या उधाणानंतर, त्याच जागी उभे राहून दुसरा फोटो घ्या.